बागेतली वही आणि वरची यादी : नाशिकचे द्राक्ष आणि शेतीज्ञानाचा प्रवास (थ्रेड)

१/
सन २०१०. महाराष्ट्रातून, आणि त्यातही प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यातून, युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अवशेष मर्यादेहून अधिक आढळले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत अवघा एक ग्रॅम. बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात ते हेच रसायन. त्याचा वापर चोरून होत नव्हता. बागेच्या कामाचा तो एक परिचित भाग होता. मात्र निर्यातीपूर्वी भारतात ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत त्याचे नावच नव्हते. भर हंगामात निर्यात अडखळली आणि बागायतदार व निर्यातदार दोघेही अडचणीत आले.

२/
युरोपातील मर्यादा कागदावर होती. नाशिकच्या बागेत काय फवारले जाते, हे बागायतदाराला ठाऊक होते. तरीही या दोन गोष्टींची वेळेवर गाठ पडली नाही. शेतकऱ्यापर्यंत माहिती पोहोचविण्याच्या सव्वाशे वर्षांच्या प्रयत्नांनंतर हे घडले. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी त्या प्रयत्नांचा इतिहास पाहावा लागतो.

३/
आरंभ १८८३ पासून करता येईल. त्या वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. या ग्रंथातील कर्ज, करभार आणि नोकरशाहीवरील टीका सर्वपरिचित आहे. त्यातील शेतीसुधारणेच्या सूचना मात्र कमी वाचल्या जातात. दरवर्षी शेतीची प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, असे फुले सुचवितात. परीक्षा औत हाकण्याची घ्यायची, म्हणजे शेतकऱ्याच्या हातातील कसबाला विद्येचा दर्जा द्यायचा. ग्रंथातील भाग त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविले. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग होता.

४/
सरकारची विचारसरणी निराळी होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर प्रांतोप्रांती शेतकी खाती उभी राहिली. हिंदी शेतकरी अडाणी असून त्याला शिकविले पाहिजे, ही समजूत तेव्हा सर्वत्र रूढ होती. १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनतज्ज्ञ भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी इंग्लंडहून आले. देशभर फिरून त्यांनी जो अहवाल दिला, तो या समजुतीला छेद देणारा होता. येथील शेतकरी सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत तर सरस असून त्याच्याजवळ साधनांची वानवा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुधारणा सुचविण्यापूर्वी येथील पद्धती नीट समजून घ्याव्यात, हा त्याचा उघड अर्थ.

५/
आता नाशिककडे वळू. जिल्ह्यातील आधुनिक द्राक्षशेतीच्या आरंभाशी ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांचे नाव आणि १९२५ हे वर्ष जोडले जाते. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी या त्या काळच्या जाती. दुसरीकडे पुण्याजवळच्या गणेशखिंड येथील सरकारी बागेत उद्यानतज्ज्ञ डॉ. चीमा द्राक्षांवर संशोधन करीत होते. पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवडलेली ‘चीमा साहेबी’ ही जात आजही त्यांचे नाव सांगते.

६/
द्राक्षाचे ज्ञान पत्रकातून वाटण्याजोगे का नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. थंड प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि वर्षाला एक छाटणी पुरते. दख्खनच्या पठारावर तितकी थंडी पडत नाही. वेल झोपतच नाही. म्हणून येथे दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी : या वेळी नव्या काड्या तयार होतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढील घड आकार घेऊ लागतो. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी : तिच्यानंतर तोच घड बाहेर पडतो.

७/
म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येणाऱ्या घडाचे भवितव्य आदल्या उन्हाळ्यातच, डोळ्यांना दिसणार नाही अशा अवस्थेत ठरते. काडी किती जाड झाली, डोळे किती राखायचे, शेंडा केव्हा थांबवायचा, हे जमीन, जात आणि त्या वर्षीचे हवामान पाहून ठरवावे लागते. सीसीसीचा उपयोग याच टप्प्यावर होई : शेंड्याची बेसुमार वाढ रोखून घडनिर्मितीस मदत करणे. युरोपातील पुस्तकात हे वेळापत्रक सापडणार नव्हते. ते बागेत, एकमेकांना विचारीत विचारीतच घडले.

८/
विचारण्याचे हे महत्त्व मोजून पाहणारा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ च्या वसंतात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. प्रत्येक मंडळात साधारण वीसजण असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट रेडिओभोवती जमत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद होते. आकाशवाणीचे तेव्हाचे प्रमुख जगदीशचंद्र माथुर हे हिंदीतील ख्यातनाम नाटककारही होते.

९/
मूल्यमापनाची जबाबदारी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, पॉल न्यूरॅथ यांच्याकडे होती. त्यांनी तुलनेसाठी निरनिराळ्या प्रकारची गावे निवडली. काही गावांत रेडिओ आणि श्रोतृमंडळ दोन्ही होते, काहींत नुसता रेडिओ होता आणि काहींत यांपैकी काहीच नव्हते. कार्यक्रमांपूर्वी आणि नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारण्यात आले. निष्कर्ष स्पष्ट निघाला. जेथे मंडळ होते तेथे ज्ञानात लक्षणीय भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती नगण्य होती. माहिती तीच आणि आवाजही तोच. फरक एवढाच होता की एका गावात ऐकून झाल्यावर लोक चर्चेला बसत होते.

१०/
चर्चा गावापुरती थांबत नसे. मंडळे आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात. लिहिता-वाचता न येणारे सभासदही चर्चेत हिरिरीने बोलत. कोठे विहिरी खोदल्या गेल्या, कोठे जातिवंत वळू वा लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, कोठे बालवाडी निघाली. १९५९ पासून ही योजना देशभर राबविण्यात आली आणि मंडळांची संख्या हजारांच्या घरात गेली. परंतु प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रणा इतक्या मोठ्या पसाऱ्यात टिकविणे अवघड होते. रेडिओवरून बोलणे चालू राहिले. गावाकडून उलट येणारा आवाज क्षीण होत गेला.

११/
द्राक्ष बागायतदारांनी मात्र आपली बैठक स्वतःच उभारली. १९६० च्या सुमारास स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचे नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर असे चार विभाग झाले. चर्चासत्रे, शिवारफेऱ्या आणि ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक यांतून एका बागेतील अनुभव दुसऱ्या बागेत जाऊ लागला. या वर्तुळातून नवे ज्ञानही निर्माण झाले. थॉमसन सीडलेस ही जात बाहेरून आली. पण तिच्या वेलींतील वेगळेपण हेरून ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आणली ती सांगली जिल्ह्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी, तर ‘सोनाका’ दिली सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी. दोघेही शेतकरी.

१२/
पुढे संस्थांची संख्या वाढत गेली. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शेती करता करता मराठीतून शेतीचे शिक्षण घेण्याची सोय झाली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उभे राहिले. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आले, २००५ मध्ये ‘ॲग्रोवन’ हे शेतीचे दैनिक निघाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी नाशिकच्या बागायतदाराइतका माहितीने वेढलेला शेतकरी देशात विरळाच असेल.

१३/
मग २०१० मध्ये चूक झाली कोठे? २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष सापडले, तेव्हा अवशेष तपासणीची योजना आखली गेली. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ आले आणि निर्यातीच्या बागांची नोंदणी होऊन फळ कोणत्या बागेतले हे शोधता येऊ लागले. व्यवस्था नेटकी होती. पण कोणती रसायने तपासायची, ही यादी वरून खाली येत होती. बागेत प्रत्यक्ष काय फवारले जाते, हे शेतकऱ्याच्या वहीत होते. ती वही त्या यादीशेजारी ठेवून पाहिली असती, तर सुटलेले नाव वेळीच दिसले असते. व्होल्कर यांचा धडा १२० वर्षांनीही गिरवायचा राहिला होता.

१४/
त्या हंगामानंतर सीसीसीचा तपासणीत समावेश झाला आणि बागेतील त्याच्या वापरावर कटाक्ष आला. त्याच काळात दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी आकाराला आली. सभासदांची बाग, तिच्यातील फवारण्या आणि परदेशातील ग्राहकाच्या अटी एकाच ठिकाणी पाहण्याची सोय अशा संघटनेमुळे होते.

१५/
तरीही हे वर्तुळ पूर्ण झालेले नाही. द्राक्षबागेतील छाटणी, विरळणी, घड औषधात बुडविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून येणारे मजूर करतात. त्यांत स्त्रियाही बहुसंख्येने असतात. कोणता डोळा राखायचा, हे अखेरीस त्यांच्या हातातील कात्री ठरविते. रसायनाचा पहिला स्पर्शही त्यांच्याच त्वचेला होतो. चर्चासत्रांच्या खुर्च्यांवर मात्र ते क्वचितच दिसतात. औत हाकणाऱ्या हातांची परीक्षा घ्या असे फुले म्हणाले होते. कात्री चालविणाऱ्या हातांना आपला प्रश्न मांडायला जागा अद्याप मिळायची आहे.

१६/
शेतीज्ञानाचा इतिहास बहुधा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो : पत्रक, रेडिओ, दूरध्वनी, मोबाइल. १९५६ चा प्रयोग आणि २०१० चा हंगाम एकत्र वाचले की निराळा क्रम दिसतो. ज्या व्यवस्थेत शेतकऱ्याचा प्रश्न आणि अनुभव वर पोहोचला, तेथे माहिती रुजली. जेथे तो पोहोचला नाही, तेथे वीस टनांतील एका ग्रॅमने वर्षाची मेहनत धोक्यात आणली.