कारकुनाचा ओव्हरकोट आणि हसणाऱ्यांची बाजू

उपहासकथा वाचून हसू आले की वाचकाचे काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. माझ्या मते खरे काम तेथून सुरू होते. आपण कोणाला हसलो, कोणाच्या पंक्तीला बसून हसलो, आणि लेखकाने आपल्याला त्या पंक्तीत मुद्दाम बसवले होते काय, हे विचारल्याखेरीज उपरोध कळत नाही. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. सूर कोशात सापडत नाही. तो कथेत ऐकावा लागतो, आणि ती कथा ज्या काळात जन्मली त्या काळाच्या इतिहासाशी ताडून पाहावा लागतो. याचे उदाहरण म्हणून निकोलाय गोगोल या रशियन लेखकाची ‘ओव्हरकोट’ ही कथा घेऊ. ती १८४२ सालच्या त्याच्या ग्रंथावलीत प्रथम आली.

आधी इतिहास. पीटर बादशहाने १७२२ साली रशियातील सरकारी नोकरांची दर्जावारी ठरवून दिली. तिच्या पायऱ्या चौदा. गोगोलच्या काळी मुलकी नोकरीत आठवी पायरी गाठणाऱ्यास वंशपरंपरेची सरदारकी मिळे. साहजिकच नवव्या पायरीवर जन्मभर अडकून पडलेला कारकून हा थट्टेचा विषय होऊन बसला होता. कथेचा नायक अकाकी अकाकीयेविच हा नेमका त्याच पायरीवरचा नकलनवीस आहे. म्हणजे गोगोलने नवी थट्टा शोधून काढली नाही. कचेऱ्यांतून चालत आलेली थट्टाच त्याने उचलली. स्वतः त्याने १८३० च्या सुमारास पीटर्सबर्गला काही काळ कारकुनी केली होती. तेव्हा ती त्याने ऐकलेली असणारच.

आता हिशेब पाहू. अकाकीचा पगार वर्षाला चारशे रूबल. जुना कोट इतका विरला आहे की शिंपी पेत्रोविच त्याला ठिगळ लावायलाही तयार नाही. नव्या कोटाचा खर्च ऐंशी रूबलांवर येतो. म्हणजे वर्षाच्या कमाईचा पाचवा हिस्सा, जवळजवळ अडीच महिन्यांचा पगार! अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावीत नाही, बुटाचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्यात हलके पाऊल टाकतो. ज्याने मजुराच्या घरचे जमाखर्च पाहिले आहेत त्याला ही काटकसर ओळखीची वाटेल. आणि तरीही गोगोल ती सांगतो कोणत्या सुरात? एखाद्या बोलघेवड्या, खुशालचेंडू माणसाच्या सुरात. हा निवेदक आरंभीच सांगतो की खात्याचे नाव घेत नाही, कारण खातेवाल्यांना फार लवकर राग येतो. मग नायकाच्या नावाची गंमत, चेहऱ्याची गंमत, बोलण्यातल्या अडखळण्याची गंमत. आपण खदखदून हसतो. आपल्या नकळत आपण त्याच कचेरीतल्या टवाळ कारकुनांच्या शेजारी जाऊन बसलेलो असतो.

आणि मग एका ठिकाणी सूर एकदम बदलतो. सहकारी त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे उधळतात, हाताला धक्के देतात. अखेर तो कळवळून, मला का छळता, एवढेच विचारतो. नव्याने लागलेला एक तरुण थट्टेत सामील झालेला असतो; तो थबकतो. त्या साध्या प्रश्नात त्याला, मी तुझा भाऊ आहे, असे ऐकू येते. गोगोल हे सांगतो आणि लगेच पुन्हा गमतीच्या सुरावर येतो. पण आपल्याला आता पहिल्यासारखे हसता येत नाही. उपरोधाची किमया ती हीच.

या कथेचे मूळ कोठे होते याविषयी पावेल आनेन्कोव या गोगोलच्या परिचिताने आपल्या आठवणींत एक हकीकत दिली आहे. १८३४ च्या सुमारास गोगोलच्या मित्रमंडळीत एका गरीब कारकुनाची खरी गोष्ट कोणी सांगितली. त्याला शिकारीचा नाद. जादा काम करून, पोटाला चिमटा घेऊन त्याने दोनशे रूबलांची बंदूक घेतली. पहिल्याच दिवशी फिनलंडच्या आखातात होडीतून जाताना ती लव्हाळ्यांत अडकून पाण्यात पडली. तो तापाने अंथरुणाला खिळला. तेव्हा सोबत्यांनी वर्गणी काढून त्याला नवी बंदूक घेऊन दिली आणि तो वाचला. ऐकणारे सगळे हसले. गोगोल मात्र मान खाली घालून विचारात पडला.

बंदुकीच्या जागी त्याने कोट घातला, एवढ्यावर टीकाकार सहसा थांबतात. गेली अनेक वर्षे फाटकापाशी डबा फिरवून वर्गण्या गोळा करणाऱ्या माझ्यासारख्याला दुसराच फरक आधी दिसतो. कोट चोरीला गेल्यावर कथेतले सहकारीही वर्गणी काढतात. पण जमते अगदी चिमूटभर. कारण डायरेक्टरसाहेबांच्या तसबिरीसाठी आणि वरिष्ठाच्या स्नेह्याने लिहिलेल्या एका पुस्तकासाठी त्यांचे पैसे आधीच खर्च झालेले असतात. खऱ्या घटनेत माणसाला जिने वाचवले तीच गोष्ट गोगोलने काढून घेतली, आणि तिच्या जागी एक वाक्य ठेवले. रागाचा एकही शब्द न वापरता, जणू पावसापाण्याची बातमी द्यावी तसे ते वाक्य येते. साहेबाच्या तसबिरीला पैसे आहेत, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला नाहीत. याहून कडक आरोपपत्र मी वाचलेले नाही.

या सुराने गरिबाचा अपमान होतो की कैवार घेतला जातो? हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. दोस्तोयेव्स्कीच्या १८४६ सालच्या ‘गरीब माणसे’ या कादंबरीतील कारकून देवुश्किन हीच कथा वाचतो आणि संतापतो. आपले फाटके घर कोणीतरी चव्हाट्यावर मांडले असे त्याला वाटते. शेवटी कोट परत मिळायला हवा होता, साहेबाने बढती द्यायला हवी होती, असे तो म्हणतो. त्याचा राग मी हसण्यावारी नेणार नाही. गरिबाला दयेची आणि टवाळीची दोन्हींची भीती असते. पण त्याला हवा होता तो शेवट साहेबाच्या मेहेरबानीचा आहे, आणि कथेचा सगळा रोख त्या मेहेरबानीवरच आहे. दाद मागायला गेलेल्या अकाकीला तो बडा अधिकारी आरशापुढे शिकून ठेवलेल्या आवाजात असा दरडावतो की तो घरी येऊन तापाने मरतो. दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागेवर नवा कारकून बसलेला असतो.

पुढे त्याचे भूत रात्री लोकांचे कोट ओढू लागते, आणि पोलिसांना हुकूम सुटतो की मेलेल्याला जिवंत अथवा मेलेला पकडून जबर शिक्षा करावी! एके रात्री भूत त्या अधिकाऱ्याचाही कोट काढून घेते. त्यानंतर तो हाताखालच्यांवर थोडे कमी ओरडू लागतो. थोडे कमी, इतकेच. जिवंतपणी दिलेल्या अर्जाने जे झाले नाही ते भुताने केले, आणि तेही अर्धेमुर्धे. ही ओळ वाचताना हसू येते खरे. मात्र या वेळी आपण टवाळांच्या पंक्तीतून उठून अकाकीच्या टेबलापाशी आलेलो असतो.