बेटकास्टिंग रीळ
गळाच्या काठीवर वरच्या अंगाला बसणारे दोरीचे रीळ. आमिष फेकताना याची फिरकी पतंगाच्या आसारीसारखी स्वतः फिरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकीचे घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी असे रीळ प्रथम घडवले, असे मानतात. आमिष पाण्यावर आपटते, फिरकी मात्र फिरतच राहते. अंगठ्याने वेळीच दाबली नाही तर दोरीचे घरटे होते आणि ते सोडवण्यात सकाळ जाते. म्हणून नवख्याने बेअरिंगे मोजत बसू नये, कमी पैशांत फिरकीला आवर घालणारा चांगला चुंबकी ब्रेक पाहावा. खोल पोहणाऱ्या, पाण्यात जड ओढ लागणाऱ्या आमिषाला ५:१ च्या आसपासचे गिअर-गुणोत्तर (हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे पाच फेरे) सोयीचे. शेवाळ-वेलींतून मासा झटपट ओढायला ७:१ किंवा अधिक. जास्त पैशांत मुख्यतः वजन घटते आणि फिरकी हलकी होते. पाच ग्रॅमांखालील आमिषाला फेकताना फिरकी न फिरणारे स्पिनिंग रीळच बरे.