रेषेची जाडी : पँटोग्राफ, कॅमेरा आणि एक उणे चिन्ह

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत ‘विक्रम ३२०१’ हा ३२-बिट प्रोसेसर पंतप्रधानांना सुपूर्द करण्यात आला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडलेली ही चिप अग्निबाणांसाठी आहे. जग ३ नॅनोमीटरवर पोहोचले असता आपण १८०वर कसे, यावर त्या दिवसांत पुष्कळ वाद झाला. मला मात्र त्या आकड्यापाशी निराळेच काही आठवले. याच मोहालीत १९८४मध्ये उत्पादन सुरू झाले ते ५ मायक्रॉन तंत्राने. ५ मायक्रॉनपासून १८० नॅनोमीटर म्हणजे सुमारे २८ पट आकसणे. पण आकसणे म्हणजे नेमके काय? आकृती लहान झाली की तिच्यातली रेषाही तेवढीच बारीक व्हावी का?

हा प्रश्न ज्याने कधी व्हेक्टर चित्रणाचे सॉफ्टवेअर वापरले आहे त्याला परिचित असेल. तेथे चित्र ठिपक्यांच्या रूपाने साठवलेले नसते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेषा, तिची जाडी इतकी, अशा आज्ञा असतात. दहा-वीस आकृत्या निवडाव्यात, त्यांचा गट करावा, कोपरा धरून आत ढकलावा. सारे बिंदू जवळ येतात. जाडीचे काय करायचे हे मात्र बिंदूंवरून ठरत नाही. त्यासाठी इलस्ट्रेटर, इंकस्केप यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र सोय असते, आणि बहुतेकांना तिचा शोध काही बिघडल्यावरच लागतो.

मला तो पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी लागला. एकमेकांत शिरलेल्या दोन कंगव्यांसारखे विद्युतअग्र हवे होते. दातांची रुंदी ४ मायक्रॉन, मधली फट ४ मायक्रॉन. प्रत्येक दात म्हणजे एक जाड रेषा, अशा सोप्या पद्धतीने नमुना काढला. पुढे निम्म्या मापाचा नमुना हवा झाला, तेव्हा गट निवडून ५० टक्के केला आणि मास्क बनवायला पाठवून दिला. जाडी आकसण्याची खूण बंद होती. दातांमधले अंतर ८चे ४ मायक्रॉन झाले, दात ४चे ४च राहिले, फट शून्य. दोन कंगव्यांऐवजी सोन्याचा एक सलग पत्रा हाती आला. दोष सर्वस्वी माझाच. पण ती खूण तेथे का असावी, हा प्रश्न मनात राहिला.

तिचे मूळ संगणकापूर्वीच्या दोन उपकरणांत आहे, असे माझे मत आहे. पहिले पँटोग्राफ. क्रिस्टोफ शायनर या जेझुइट विद्वानाने (सौरडागांवरून गॅलिलिओशी भांडला तोच हा) ते १६०३च्या सुमारास रचले. चार पट्ट्यांचा समांतरभुज चौकोन. एक टोक मूळ आकृतीवरून फिरवले की दुसऱ्या टोकाची लेखणी लहान वा मोठी प्रत काढते. मात्र लेखणीचे टोक तेच राहते. पँटोग्राफ आकृतीचे माप बदलतो, रेषेची जाडी कधीच बदलत नाही. दुसरे उपकरण कॅमेरा. त्याच्यापुढे रेषा आणि रिकामी जागा दोन्ही सारख्याच. जे समोर आहे ते सगळे एकाच पटीने लहान होते.

भारताच्या सर्वेक्षण खात्याने ही दोन्ही उपकरणे वापरली. नकाशे लहान करण्यासाठी पँटोग्राफ नित्याचा होता. १८६०च्या दशकात फोटोझिंकोग्राफी, म्हणजे छायाचित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर छपाई, कलकत्त्यास रुजली, आणि १८६६पासून जेम्स वॉटरहाउस यांनी तेथील छायाचित्रण विभाग तीन दशके सांभाळला. (इओसिन रंगाने फोटोच्या काचा हिरव्या प्रकाशाला संवेदनशील होतात, हेही १८७५मध्ये त्यांनीच दाखवले. नकाशाच्या कचेरीतून निघालेले ते चांगले भौतिकशास्त्र होते.)

हिशेब करून पाहावा. एक इंचास एक मैल या नकाशावर ०.४ मिलिमीटर जाडीची रस्त्याची रेषा जमिनीवर सुमारे २५ मीटर व्यापते. तो नकाशा पाव इंचास एक मैल या प्रमाणावर पँटोग्राफने उतरवला, तर तीच रेषा जवळजवळ १०० मीटर जागा खाते. रस्ता नदीवर चढतो, गाव दोहोंखाली दबते. कॅमेऱ्याने उतरवला, तर रेषा ०.१ मिलिमीटरची होते आणि छपाईत तुटू लागते. म्हणून कॅमेऱ्यासाठी मूळ चित्र मुद्दाम ठसठशीत, पुढच्या आकसण्याचा अंदाज घेऊन काढावे लागे. तो निर्णय आरेखकाच्या हातात होता. त्याला विचारणारी कोणतीही खूण नव्हती.

संगणकाचा आरंभ पँटोग्राफपासून झाला. १९६३मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीच्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ घडवले. एक मूळ आकृती, तिच्या हव्या तेवढ्या लहानमोठ्या प्रती, आणि मूळ बदलले की सर्व प्रती बदलणे, ही आजच्या गटांची पूर्वजा कल्पना तेथे आहे. पण रेषा पडद्यावरच्या प्रकाशबिंदूएवढीच. तिला स्वतःची जाडी नव्हती.

जाडी खऱ्या अर्थाने आली ती छापायची वेळ आल्यावर. अडोबीने १९८४मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली. तिच्यातली एक व्यवस्था मला आजही सुंदर वाटते. आकृतीचे बिंदू ज्या क्षणी सांगितले जातात, त्या क्षणीचे प्रमाण त्यांना लागू होते. जाडीला मात्र रेषा प्रत्यक्ष रंगवण्याच्या क्षणीचे. तेव्हा आधी मापे बदलून बिंदू सांगावेत आणि रंगवण्यापूर्वी मूळ मापावर परतावे, की झाला पँटोग्राफ. परतू नये, की झाला कॅमेरा. वर्तुळ केवळ आडवे ताणून कॅमेऱ्याच्या रीतीने रंगवले, तर कड्याच्या उभ्या बाजू जाड आणि आडव्या बारीक होतात, बोरूने काढल्यासारख्या. गट असा एकाच दिशेने ताणल्यावर जाडीची भरपाई एखाद्या सरासरी आकड्याने करता येत नाही, त्याचे कारणही हेच: दोन दिशांच्या दोन पटी एका संख्येने पुसल्या जात नाहीत.

वेबसाठीच्या एसव्हीजी प्रमाणाने २००१मध्ये कॅमेऱ्याची बाजू घेतली. गटाचे माप बदलले की जाडीही बदलते. पँटोग्राफची सोय २००८मध्ये ‘टायनी १.२’ या आवृत्तीत एका वेगळ्या गुणधर्माच्या रूपाने आली.

चिप रेखणाऱ्यांनी हा प्रश्न त्याआधीच सोडवला होता, तोही फारच काटकसरीने. कॅल्मा या अमेरिकी कंपनीचे १९७०च्या दशकातले जीडीएस-टू हे फाइलस्वरूप आजही कारखान्यांत चालते. त्यात मार्गाची रुंदी धन लिहिली, तर गटासोबत ती लहानमोठी होते. तोच आकडा ऋण लिहिला, तर गट कितीही आकसला तरी रुंदी अढळ राहते. एक उणे चिन्ह, बस्स!

तेथे ते चिन्ह शोभेचे नाही. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४मध्ये ट्रान्झिस्टर सर्व बाजूंनी प्रमाणात आकसवण्याचे नियम मांडले. तो कॅमेऱ्याचा मार्ग. पण तारेची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २८ पटींनी घटवली, तर तिचा छेद ७८४ पटींनी घटतो आणि रोध २८ पटींनी वाढतो. वीज पोहोचवणाऱ्या मुख्य तारा म्हणूनच ट्रान्झिस्टरच्या प्रमाणात बारीक करून चालत नाही. एकाच चिपवर खाली कॅमेरा आणि वर, निदान काही अंशी, पँटोग्राफ.

माझा कंगवा मी नंतर रेषांनी काढलाच नाही. प्रत्येक दात भरीव आयत केला. आयताला वेगळी जाडी नसते, चार कोपरे असतात, आणि कोपरे निमूटपणे आकसतात. मास्क लिहिणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचेतो खऱ्या चिपांच्या तारांचेही शेवटी असेच बहुभुज झालेले असतात.