नाथांच्या गावातले खेळ

लहान मुले बरोबर असली की पैठणची यात्रा ठरल्याप्रमाणे होत नाही. नाथांच्या वाड्यात विजयी पांडुरंगाचे दर्शन होते. श्रीखंड्याने कावडीने पाणी भरले म्हणतात त्या रांजणापाशी मुले जरा रेंगाळतात. पैठणीच्या मागापर्यंत येता येता मात्र त्यांचा धीर सुटतो आणि ‘आता बाग कधी?’ हा एकच घोष सुरू होतो. बाग म्हणजे जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी असलेले संत ज्ञानेश्वर उद्यान.

दोन हजार वर्षांच्या या गावात बाग अगदी कालची. जायकवाडी हे नाव मुळात बीड जिल्ह्यातल्या एका खेड्याचे. धरण आधी तिथे व्हायचे होते. जागा बदलून ते पैठणला आले, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन. सुमारे १० किलोमीटरची भिंत, २७ दरवाजे, मागे अथांग नाथसागर. त्याच्या कुशीत म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर हे उद्यान उभे राहिले. मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांची सहल इथेच यायची. रंगीत कारंजी पाहिलेली मुले आठ-आठ दिवस दुसरे काही बोलत नसत. पुढे उद्यानाची रया गेली. नूतनीकरणाच्या घोषणा मात्र वरचेवर होत राहिल्या.

मग त्याआधी पैठणची आणि पैठणला आलेली मुले कुठे खेळत? उत्तर सोपे आहे. गोदावरीच्या वाळवंटात.

या वाळवंटाची एक गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. भर दुपारी तापलेल्या वाळूत अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरचे एक पोर रडत होते. एकनाथांनी त्याला उचलले, कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचवले. करुणेचे उदाहरण म्हणून आपण ती सांगतो, ते बरोबरच आहे. पण मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. वाळवंट सगळ्यांच्या वहिवाटीचे होते, तिथून सगळेच जात होते. तरी ते पोर कोणाचेच नव्हते. त्याला शिवायचे कोणी, हा प्रश्न त्याच्या रडण्यापेक्षा मोठा झाला होता.

नाथांचा काळ १५३३ ते १५९९. त्यांची भारुडे काढून नुसती शीर्षके वाचत गेलो तरी मैदानात उभे राहिल्यासारखे वाटते. हुतुतू, विटीदांडू, चेंडू, एकीबेकी, फुगडी, पिंगा, टिपरी, हमामा, हुंबरी. जोशी, गोंधळी, वासुदेव यांच्या शेजारी ही पोरांची दुनिया. आत अध्यात्म आहे, हे खरेच. पण ऐकणाऱ्याला तो खेळ ठाऊक असल्याशिवाय रूपक लागू पडत नाही. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी गोदाकाठी हे खेळ घरोघर माहीत होते. राजांच्या दफ्तरात लढाया सापडतील, सारा सापडेल, पण पोरे काय खेळत होती हे तिथे शोधून मिळायचे नाही. त्यासाठी नाथांकडेच जावे लागते. हिंदू आणि तुर्काचे भांडण रंगवून शेवटी दोघांना मिठी मारायला लावणाऱ्या या माणसाचे कान सगळ्या गावाकडे होते, पोरांच्या गलक्याकडेही.

आणखी मागे, सातवाहनांच्या प्रतिष्ठानात गेलो तर हालाच्या गाथासप्तशतीत एक घर भेटते. नवरा रुसलेल्या बायकोच्या पाया पडतो आहे, आणि तेवढ्यात मुलगा त्याच्या पाठीवर चढून बसतो. बायकोला राग असूनही हसू फुटते. बापाची पाठ हेच पहिले क्रीडांगण, प्रवासात तर नेहमीच!

धरणाने मराठवाड्याला पाणी दिले, त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? पण पैठणखालची नदी आता दरवाजे उघडतील तशी वाहते. २००६च्या ऑगस्टमध्ये मोठा विसर्ग झाला तेव्हा पाणी गावात शिरले होते. वाळूवर उपशाचीही नजर आहे. आज पात्रात मुले सोडण्याआधी बापाला धरणाकडे पाहावे लागते. फाल्गुन वद्य षष्ठीच्या नाथषष्ठीला मात्र दिंड्या येतात, आणि आया भाकरी सोडतात न सोडतात तोच पोरे मोकळ्या जागेत पांगतात. त्यांना कोणी खेळणी आणून दिलेली नसतात.

उद्यानाचे नूतनीकरण करणाऱ्यांनी कारंजी जरूर करावीत. पण एका कोपऱ्यात चार ब्रास वाळू टाकावी, फुफाट्यात पाय भाजू नयेत म्हणून कडेला लिंबाची झाडे लावावीत आणि हुतुतूसाठी एक रेघ ओढून द्यावी. तेवढ्या कोपऱ्याला तिकीट नसावे. नाथांनी उचललेल्या त्या पोराच्या आईजवळ तिकिटाचे पैसे कुठून असणार?