इतिहासाचा मास्तर व्हायचं तर डिग्री कुठली?

गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी घरी आली. बारावी आर्ट्सला चांगले मार्क पडलेत. म्हणाली, "काका, मला शाळेत इतिहास शिकवायचाय. नुसतं बी.ए. करू की ते चार वर्षांचं नवीन निघालंय ते करू?" तिच्या वडिलांचा प्रश्न वेगळा होता. "सर, इतिहासात नोकरी आहे का हो?"

मी तीस वर्षं इतिहास शिकवला, तरी दोघांनाही लगेच उत्तर देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच चालू होतं. आपल्याकडे इतिहासाचा शिक्षक कसा तयार होत आला, यालाही एक इतिहास आहे आणि तो आम्ही कधी शिकवत नाही. तो थोडा सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८६२ साली पहिली बी.ए. ची तुकडी बाहेर पडली, सगळे मिळून चौघे. त्यात रानडे आणि भांडारकर होते. एकाने पुढे मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर पुस्तक लिहिलं, दुसऱ्याने दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा पाया घातला. त्यामुळे पहिली बॅच इतिहासाला चांगलीच लाभली असं म्हणायला हरकत नाही. पण रानड्यांच्या चरित्रांत विद्यार्थिदशेतला एक किस्सा येतो. त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूने टाकलं. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना ते खपलं नाही. ज्या सरकारने तुला शिकवलं त्यालाच नावं ठेवतोस, असं सुनावून त्यांनी सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली म्हणतात. तरीही याच ग्रँटसाहेबांबद्दल रानड्यांना शेवटपर्यंत आदर होता.

त्या काळी शाळेत मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफ. (हा ग्रँट वेगळा, साताऱ्याचा रेसिडेंट. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको.) त्याचं इंग्रजी पुस्तक १८२६ चं. कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचा मराठी तर्जुमा केला आणि तीच 'बखर' पोरं पाठ करायची. १८६०-७० च्या दशकात पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाचा कॉलेजातला विद्यार्थी उभा राहिला आणि या पुस्तकावर त्याने सरळ टीकात्मक निबंध वाचला. डफने काय वगळलं, कुठे चुकला, कुठे मराठ्यांना नीट समजून घेतलं नाही, असं सगळं त्यात होतं. आपली मूळ कागदपत्रं आपण शोधून छापली पाहिजेत हा आग्रह तिथून जोर धरतो. पुढे राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते याच वाटेवर. ही वाट पदवीच्या वयाच्या एका पोराने पाठ्यपुस्तकाला प्रश्न विचारला म्हणून उघडली, हे मला फार मोठं वाटतं.

आता दुसरी बाजू. शिक्षक तयार करायची सोय विद्यापीठाच्याही आधीची. १८४५ च्या सुमारास मुंबईत एल्फिन्स्टनला नॉर्मल क्लास निघाला, तो बाळशास्त्री जांभेकरांकडे होता. शाळेसाठी इतिहासाची पुस्तकं लिहिणारा माणूसच मास्तर घडवत होता, म्हणजे विषय आणि शिकवणं एकाच हातात होतं. बाळशास्त्री १८४६ ला गेले आणि पुढे या दोन्ही गोष्टी हळूहळू वेगळ्या झाल्या. विषय कॉलेजात शिकायचा आणि शिकवायचं कसं ते ट्रेनिंग कॉलेजात. १९०६ ला मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं, पुढे बी.टी. आली, तिचीच बी.एड. झाली. आधी बी.ए., मग बी.टी. ही जोडी आपल्या घराघरांत इतकी रुजली की दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

महात्मा फुल्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्यात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते लिहिलंय. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान. शिक्षक ट्रेनिंग घेतलेले असावेत आणि त्यांना पगार नीट मिळावा, हेही त्यातच आहे. मोडी आणि इतिहास एकाच यादीत होते हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं स्वतःचं सांगतो. मी तीन वर्षं बी.ए. केलं. स्पेशल इतिहास. प्राचीन भारत, मराठे, आधुनिक युरोप, इतिहासलेखनशास्त्राचा एक पेपर. गाइड वाचून पास झालो, खोटं कशाला बोलू. त्या तीन वर्षांत एकही अस्सल कागद डोळ्यांनी पाहिला नाही. मग बी.एड., तेव्हा ते एक वर्षाचं होतं. तिथे टाचण काढायचं, सूक्ष्म अध्यापन करायचं, हर्बार्टच्या पायऱ्या घोकायच्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन. "मुलांनो, आज आपण पानिपतची लढाई अभ्यासणार आहोत" हे वाक्य निरीक्षकांनी ऐकलं की खूश. पानिपत का झालं हे मला किती कळलंय, ते कुणी विचारलं नाही. बी.ए. च्या सरांना मी शिकवणार आहे हे माहीत नव्हतं आणि बी.एड. च्या मॅडमना मी इतिहास किती शिकलोय हे माहीत नव्हतं.

नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील. आठवीतला एक मुलगा घरच्या पेटीतला जुना कागद घेऊन आला. "सर, आज्जा म्हणतोय आमच्या वतनाचा हाय. काय लिवलंय वाचून दावा." मोडी. मला एक अक्षर लागेना. वर्गातली साठ पोरं बघतायत आणि इतिहासाचा मास्तर कागद उलटासुलटा करतोय. मी "उद्या सांगतो" म्हटलं. तो उद्या यायला दीड वर्ष लागलं. एका निवृत्त तलाठ्याकडे जाऊन मी मोडी शिकलो, तोवर तो पोरगा दहावीला गेला होता.

हे फक्त माझं लाजिरवाणं प्रकरण असतं तर सांगितलं नसतं. पण २०२३ मध्ये काय झालं आठवा. कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तहसील कार्यालयांतली जुनी दप्तरं उघडली आणि कळलं की नोंदी मोडीत आहेत आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. हजारो घरांचं जातप्रमाणपत्र, पोरांच्या ॲडमिशन, सगळं त्या वेलांट्यांवर अडकलेलं. प्रत्येक तालुक्यात इतिहासाचे पदवीधर ढिगाने आहेत. त्यातले किती जण पुढे होऊ शकले?

आता चार वर्षांच्या कोर्सबद्दल. हा प्रकार नवीन नाही. १९६३ च्या आसपास केंद्राने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढली. बारावीनंतर चार वर्षं, विषय आणि अध्यापन एकत्र, मधून मधून शाळेत प्रत्यक्ष शिकवणं, अशी कल्पना. आपल्या वाट्याला भोपाळ आलं. कोयनाकाठच्या खेड्यातलं कोण जाणार भोपाळला? कल्पना चांगली होती, पण ती तिथेच राहिली आणि आपल्याकडे वेगळंच पीक आलं. गल्लोगल्ली डी.एड., बी.एड. कॉलेजं. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ च्या अहवालात त्यातल्या बहुसंख्य संस्था पात्र नाहीत असं निघालं. देशाच्या शिक्षक-शिक्षणाचे नियम बदलायला आपली दुकानं कारणीभूत ठरली, हे आपलं योगदान! त्यानंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं.

मग नवीन शैक्षणिक धोरण आलं. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करायची असं त्यात म्हटलंय. त्याचबरोबर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. आणि चार वर्षांच्या पदवीवाल्यांना एक वर्षाचं, असेही रस्ते ठेवलेत. २०२३ पासून निवडक संस्थांत एकात्मिक बी.ए.-बी.एड. सुरू झालं, प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून. २०२५ च्या मसुद्यात एक वर्षाचं बी.एड. परत आणायचं म्हटलंय. म्हणजे मी केलं ते एक वर्ष, मग दोन, आता पुन्हा एक. धोरण बनवणाऱ्यांनी जरा आपला इतिहास वाचला असता तर बरं झालं असतं.

एकात्मिक कोर्सच्या मी विरोधात नाही. उलट बाळशास्त्रींच्या वेळी जे एका हातात होतं ते पुन्हा एकत्र येत असेल तर हवंच आहे. वर्षही वाचतं, पाचाऐवजी चार. मुलीच्या घरात एक वर्ष म्हणजे काय असतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, "अजून किती शिकणार" हा प्रश्न तिलाच विचारला जातो. माझी भीती वेगळी आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी 'मी शिक्षक होणार' हे पक्कं करायचं आणि इतिहास मात्र चार वर्षांत अध्यापनशास्त्र, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण यांच्या गर्दीत बसवायचा. कोपऱ्यात बसवला तर पुन्हा माझ्यासारखेच मास्तर तयार होतील.

कारण शिकवायचं काय आहे ते बघा. दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडा. पहिल्याच धड्यात रांके, हेगेल, मार्क्स, फुको आहेत. पुढे भारतीय इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, वारशाचं जतन. पुस्तक धाडसी आहे, मला आवडतं. पण फुको पोरांना समजावून सांगायला मास्तरला आधी तो कळायला लागतो! बऱ्याच शाळांत हा तास ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या गळ्यात टाकतात. मी पी.टी. च्या सरांना इतिहास शिकवताना पाहिलंय, हिंदीच्या मॅडमनाही. त्यांचा दोष नाही. संचमान्यतेत पद बसत नाही, मग जो रिकामा तो इतिहास घेतो. गणिताचा तास असा कुणाला देऊन बघा, पालक दुसऱ्या दिवशी दारात येतील.

भरतीचंही तेच. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० मार्क सामाजिक शास्त्रांना तरी आहेत. भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीत २०० मार्क, १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. इतिहासाचा शिक्षक निवडताना इतिहास विचारतच नाहीत. निवड झाली की तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८ हजार. २०२३ आधी हेच मानधन ८ हजार होतं. त्यात सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पहिली ते आठवीच्या नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली, त्यामुळे पन्नाशीला टेकलेले माझे मित्र सध्या बालमानसशास्त्राच्या नोट्स काढतायत.

तर मुलीच्या वडिलांना मी खरं ते सांगितलं. नोकरी आहे, पण कमी आहे, उशिरा मिळते आणि मधली चार-पाच वर्षं तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानितवर काढायची तयारी लागते. ते गप्प झाले. मुलगी गप्प झाली नाही. म्हणाली, "मग तुम्ही का केली?" वडिलांसमोर मला काही बोलता आलं नाही, हसून वेळ मारून नेली.

तिला मी असं सांगितलं. एकात्मिक कोर्स जवळ आणि मान्यता असलेल्या संस्थेत मिळत असेल तर घे, पण आधी अभ्यासक्रम मागून घे आणि त्यात इतिहासाचे पेपर किती ते स्वतः मोज. मोजून कमी वाटले तर सरळ बी.ए. कर, इतिहास मेजर ठेव आणि मायनरला भूगोल किंवा राज्यशास्त्र घे, शाळेत तेच गळ्यात पडणार आहे. बी.एड. नंतर करता येतं. कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, लायब्ररीत जाऊन इतिहासाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचार. आमच्या कॉलेजात ती तीन वर्षांत सापडली नव्हती. आणि मोडी, डिग्रीत असो वा नसो.

रियासतकार सरदेसायांचंही तिला सांगितलं. बडोद्याला राजपुत्रांना शिकवायचं म्हणून त्यांनी टिपणं काढायला सुरुवात केली आणि त्यातून रियासती उभ्या राहिल्या. पुढे त्यांनी पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादित केले. सुरुवात शिकवणीच्या तयारीतूनच झाली होती. तिने विचारलं, "त्यांचं बी.एड. झालं होतं का?" मी नाही म्हटलं, तर हसायला लागली.

सध्या ती दोन्हीकडचे फॉर्म भरतेय. रविवारी सकाळी माझ्याकडे येते, अ पासून सुरुवात केलीय. तिला मोडीतला 'स' आणि 'र' जोडायला जमत नाही, मलाही पहिल्यांदा जमला नव्हता. तिच्या वडिलांनी परवा घरातला एक कागद पाठवला, बघा म्हणे कशाचा आहे. मी वाचला नाही अजून. तिलाच वाचू द्यायचाय, दिवाळीपर्यंत लागेल असं वाटतं.

आपल्या भागातल्या कुणाच्या मुलाने किंवा मुलीने हा चार वर्षांचा कोर्स घेतला असेल तर पेपर किती, शाळेत कधी पाठवतात, फी किती, हे जरूर कळवा. तिला फॉर्मचा निर्णय या महिन्यातच घ्यायचाय.