धुराड्याची कुळकथा

परभणीची ओळख उन्हाची. तरी इथल्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदीही आहेत. अशा दिवसांत खेड्यांत चूल पहाटेच पेटते. गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला बऱ्याच घरांत अजून चूलच लागते. जळण शेतातले: तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीची लाकडे, शेणाच्या गोवऱ्या. गारठ्यामुळे दारे-खिडक्या लावलेल्या असतात आणि सगळा धूर आतच कोंडतो. त्याला वाट करून देणारे धुराडे आपल्या घरांत फार जुने नाही.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात छतालाच एक झरोका ठेवलेला असे. त्यातून उजेड खाली यायचा, धूर वर जायचा. पावसात तो झाकला की धूर पुन्हा घरात. तुळया काळ्या पडत. धुराने लाकडाला कीड लागत नाही, असे सांगून लोक समाधान मानत. चुलीपाशी बसणारीच्या डोळ्यांचा आणि छातीचा हिशेब कोणी मांडत नसे.

तो मांडला गेला वर्ध्यात. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख कार्यकर्ते आणि मगनवाडी हे ठाणे. तिथूनच १९४७ मध्ये ‘मगन चूल’ पुढे आली. माती तीच, पण आगीला बंद कोठी, त्यावर भांडी ठेवायला तोंडे आणि शेवटी धूर बाहेर नेणारी नळी.

परभणीच्या दृष्टीने जवळचा धागा मात्र हैदराबादचा. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल बसवली आणि १९५३ मध्ये ‘लक्षावधींसाठी निर्धूर स्वयंपाकघर’ अशा आशयाच्या नावाची इंग्रजी पुस्तिका काढली. धूर, काजळी, उष्मा, जळणाची नासाडी आणि आगीचा धोका या पाचांपासून गृहिणीची सुटका, हे त्यांचे आश्वासन. त्याच सुमारास समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला होता. निर्धूर चूल त्यातून देशभर खेड्यांत पोचू लागली.

पुढे १९८३ च्या अखेरीस केंद्राने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो आवरेपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी लवकरच मोडीत निघाल्या. लांब तुराट्या आत जाईनात म्हणून तोंड वाढवले गेले. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांसमोर उभी शेकायची असते, त्याला बंद कोठीत जागा नव्हती. मापे बदलली की हवेची ओढ बिघडते आणि निर्धूर चूल धुरकट होते.

याहून मोठे कारण काजळीचे. गरम हवा वर चढते, तिच्यामागे धूर ओढला जातो. धुराड्याची सगळी करामत एवढीच. ओले जळण घातले की धुरातला डांबरासारखा अंश नळीच्या थंड वरच्या भागात चिकटतो. थरावर थर चढून नळी अरुंद होते आणि धूर उलटा घरात येतो. हा थर पेटतोसुद्धा. ओडिशात सुधारित चुली दिलेल्या घरांची संशोधकांनी चार वर्षांपर्यंत पाहणी केली. पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. चुलींची डागडुजी होत नव्हती आणि वापरही कमी झाला होता.

इंग्लंडात धुराडी झाडणे हा स्वतंत्र धंदा होता; १८७५ च्या कायद्याने त्याला परवाना लागू लागला. आपल्या बारा बलुत्यांत असा कोणी नाही, कारण झाडायला धुराडेच नव्हते. योजनेने नळी दिली, पण ती साफ कोणी करायची हे ठरवले नाही. चूल सारवण्याचे काम बाईचे ठरलेले होते. छतावर चढून नळी झाडण्याचे काम कोणाचेच नव्हते. निर्धूर चूल हरली ती इथे.

म्हणून थंडीपूर्वी, दिवाळीला जळमटे काढताना, घरातल्या पुरुषाने धुराडे हे आपले काम समजावे. चूल पूर्ण गार होऊ द्यावी, चुलीची तोंडे ओल्या गोणपाटाने झाकावीत, वरची टोपी काढून काठीला बांधलेल्या चिंध्यांनी नळी खरवडावी आणि पडलेली काजळी खालून काढून घ्यावी. नाका-तोंडाला फडके बांधावे. सांधे तडकले असतील तर लिंपावेत. मग कागद पेटवून धूर ओढला जातो का ते पाहावे. कडब्याची गंजी नळीच्या तोंडापासून लांब रचावी. पेटती शेगडी घेऊन दार लावून कधीही झोपू नये: निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतला माणूस त्याने दगावतो.