वर्गमूळ सोपं कसं करायचं आणि त्यावरून वर्गसमीकरण कसं सोडवायचं? गुंठ्याच्या उदाहरणासह समजून घ्या

कोल्हापुरात कुणालाही विचारा, एक गुंठा म्हणजे किती? उत्तर लगेच येतं: ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. आता पुढचा प्रश्न विचारा. दोन गुंठ्यांचा चौरस प्लॉट असेल, तर त्याची एक बाजू किती फूट? इथं बरेच जण पटकन ६६ म्हणतात. पण ६६ बाय ६६ म्हणजे ४३५६ चौरस फूट. ते तर चार गुंठे झाले की भावा!

बरोबर उत्तर आहे √२१७८. फोनचा कॅल्क्युलेटर म्हणतो ४६.६६९०४७५५... आणि हे आकडे कधी संपतच नाहीत. वहीवर सोडवलं तर उत्तर येतं ३३√२. दोन्ही उत्तरं एकाच लांबीची आहेत, पण दुसऱ्यात गोष्ट दिसते: एक गुंठ्याची बाजू ३३, क्षेत्र दुप्पट झालं म्हणून बाजू √२ पट. आकडाही कुठं तोडावा लागला नाही.

फोन हातात असताना वर्गमूळ 'सोपं' करायला का शिकायचं, याचं उत्तर इथंच आहे. चला, पायरीपायरीनं बघूया.

वर्गमूळ आणि करणी म्हणजे काय?

ज्या संख्येला स्वतःनंच गुणल्यावर दिलेली संख्या मिळते, ते तिचं वर्गमूळ. ७ × ७ = ४९, म्हणून √४९ = ७. हे पूर्ण सुटलं. पण √२, √१०, √३४ यांचं उत्तर पूर्णांकात येत नाही आणि अपूर्णांकातही येत नाही. अशा न सुटणाऱ्या मुळाला गणितात करणी म्हणतात. (गावाकडं 'करणी' म्हटलं की लिंबू आणि टाचण्या आठवतात. या करणीचा त्याच्याशी काही संबंध नाही, घाबरू नका.)

एक गोष्ट आत्ताच पक्की करा. √१६ म्हणजे फक्त ४. पण 'क्ष² = १६' या समीकरणाची उत्तरं दोन: ४ आणि −४. कारण (−४) × (−४) सुद्धा १६ च होतात. वर्गसमीकरणातलं ± हे चिन्ह इथून येतं.

(पाठ्यपुस्तकात अज्ञात संख्येसाठी इंग्रजी अक्षर असतं. आपण इथं क्ष वापरतोय.)

वर्गमूळ सोपं करायच्या दोन पद्धती

पद्धत १: मोठ्यात मोठी वर्गसंख्या शोधा. ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १००, १२१ ही यादी डोक्यात ठेवा. दिलेल्या संख्येला यातल्या कुठल्या मोठ्या संख्येनं पूर्ण भाग जातो ते बघा.

√७२ = √(३६ × २) = √३६ × √२ = ६√२

इथं कुणी ७२ = ९ × ८ असं फोडलं तर ३√८ येतं. ते चूक नाही, पण काम अर्धवट राहिलंय. ८ मध्ये अजून ४ लपलेला आहे. तो बाहेर काढला की पुन्हा ६√२.

पद्धत २: मूळ अवयव पाडा आणि जोड्या लावा. संख्या मोठी असेल तर हीच पद्धत बरी. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३५६० चौरस फूट. चौरस एकराची बाजू काढूया.

४३५६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ११ × ११

२ ची एक जोडी, ३ ची एक, ११ ची एक. प्रत्येक जोडीतला एकच आकडा मुळाबाहेर येतो: २ × ३ × ११ = ६६. जोडीदार न मिळालेले २ आणि ५ आतच राहतात: २ × ५ = १०.

म्हणून √४३५६० = ६६√१०, म्हणजे साधारण २०८.७१ फूट.

या चुका टाळा:

• √(९ + १६) म्हणजे ३ + ४ नाही. आत २५ आहेत, उत्तर ५. मूळ गुणाकारावर वाटता येतं, बेरजेवर नाही.

• √२ + √८ म्हणजे √१० नाही. आधी √८ = २√२ करा, मग √२ + २√२ = ३√२. आंब्यात आंबे मिळवायचे, तसंच सारख्या करणीत सारखी करणी.

आता वर्गसमीकरण: एक गुंठ्याचा आयताकृती प्लॉट

समजा प्लॉट बरोबर एक गुंठ्याचा आहे, पण चौरस नाही. लांबी रुंदीपेक्षा २२ फूट जास्त आहे. रुंदी किती?

रुंदी क्ष मानली तर लांबी क्ष + २२.

क्ष × (क्ष + २२) = १०८९
क्ष² + २२क्ष = १०८९

पूर्ण वर्ग पद्धत: क्ष च्या सहगुणकाचं निम्मं करा (११), त्याचा वर्ग करा (१२१) आणि दोन्ही बाजूंत मिळवा.

क्ष² + २२क्ष + १२१ = १०८९ + १२१
(क्ष + ११)² = १२१०
क्ष + ११ = ±√१२१०

आता मघाशी शिकलेलं कामाला येतं: १२१० = १२१ × १०, म्हणून √१२१० = ११√१०.

क्ष = −११ + ११√१० किंवा क्ष = −११ − ११√१०

दुसरं उत्तर ऋण आहे. ऋण रुंदीचा प्लॉट नसतो, म्हणून ते सोडलं. रुंदी = ११(√१० − १), म्हणजे साधारण २३.७९ फूट. लांबी = ११(√१० + १), म्हणजे साधारण ४५.७९ फूट.

ताळा करून बघा:

११(√१० − १) × ११(√१० + १) = १२१ × (१० − १) = १२१ × ९ = १०८९

बरोबर एक गुंठा, एक इंचही इकडं-तिकडं नाही. आता हेच २३.८ × ४५.८ करून बघा, १०९०.०४ येतं. सुरुवातीलाच आकडे तोडले की असा फरक पडतो आणि पुढच्या प्रत्येक पायरीत तो वाढू शकतो. म्हणून नियम एकच: मूळ शेवटपर्यंत मुळातच ठेवा, दशांश अगदी शेवटी काढा.

सूत्र पद्धत आणि विवेचक

प्रत्येक वेळी पूर्ण वर्ग करत बसायचं नसेल तर सूत्र आहे. समीकरण अक्ष² + बक्ष + क = ० असं असेल, तर

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ

मुळाच्या आतल्या ब² − ४अक ला विवेचक म्हणतात. वरच्या उदाहरणात अ = १, ब = २२, क = −१०८९. विवेचक = ४८४ + ४३५६ = ४८४० = ४८४ × १०. त्याचं मूळ २२√१०, आणि पुढं तेच उत्तर.

विवेचक किती कामाचा आहे ते कुंपणाच्या हिशेबात दिसतं. एक गुंठ्याच्या आयताकृती तुकड्याला एकेरी तारेचं कुंपण घालायचंय. तारेच्या निम्म्यात एक लांबी आणि एक रुंदी बसते.

• तार १२० फूट: लांबी + रुंदी = ६०. समीकरण क्ष² − ६०क्ष + १०८९ = ०. विवेचक = ३६०० − ४३५६ = −७५६. ऋण आहे. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसतं, म्हणजे एवढ्या तारेत एक गुंठ्याचा आयत बसणारच नाही.

• तार १३२ फूट: बेरीज ६६. विवेचक = ४३५६ − ४३५६ = ०. उत्तर एकच: ३३ बाय ३३. ही कमीत कमी तार.

• तार १४० फूट: बेरीज ७०. विवेचक = ४९०० − ४३५६ = ५४४ = १६ × ३४. मूळ ४√३४. क्ष = ३५ ± २√३४, म्हणजे साधारण ४६.६६ आणि २३.३४. इथं दोन्ही उत्तरं चालतात: एक लांबी, दुसरी रुंदी.

तार विकत घ्यायच्या आधी एका वजाबाकीत कळलं की काम होणार की नाही.

दोन उत्तरांपैकी कुठलं घ्यायचं?

हा प्रश्न जुना आहे. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात करणींचं गणित आहे आणि वर्गसमीकरणंही. त्यांच्या एका उदाहरणात माकडांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग खेळतोय आणि उरलेली १२ माकडं टेकडीवर आहेत. उत्तरं येतात ४८ आणि १६, आणि दोन्ही बरोबर बसतात. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग करायचा आहे आणि एक माकड उरतं. तिथं उत्तरं ५० आणि ५. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ माकडं कशी वजा करणार? म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर सोडून देतात. सूत्र दोन्ही उत्तरं देतं, निवड आपण करायची. ॲपलाही हे लागू आहे.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथं आहे.

फोनवर करताना हे लक्षात ठेवा

१. कंस विसरू नका. (−२२ + √४८४०) ÷ २ असं टाका. कंस न देता −२२ + √४८४० ÷ २ टाकलं तर फक्त मुळालाच २ ने भाग जातो आणि रुंदी २३.७९ ऐवजी १२.७९ येते.

२. ऋण संख्येचा वर्ग कंसात. बरेच कॅल्क्युलेटर −७०² याचा अर्थ −(७०²) असा घेतात आणि −४९०० दाखवतात. मग १४० फूट तारेचा विवेचकही ऋण येईल आणि जमणारं काम 'अशक्य' वाटेल. (−७०)² टाका.

३. सगळे कॅल्क्युलेटर सारखे नसतात. दुकानातल्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर १.४१४२१३५ चा वर्ग केला तर २ येत नाही, १.९९९९९९८ येतं. अँड्रॉइडवरचा गूगलचा कॅल्क्युलेटर मात्र वेगळा आहे. गूगलमधल्या हान्स बोम यांच्या कामामुळं तो संख्या आधीच तोडत नाही. √२ काढा आणि उत्तर बोटानं डावीकडं सरकवत राहा, पुढचे आकडे येत राहतात.

४. फोटो काढून गणित सोडवणारी ॲप्स, जसं फोटोमॅथ किंवा गूगल लेन्स, ताळ्यासाठी वापरा. आधी स्वतः सोडवा, मग पायऱ्या जुळवा. ॲपनं प्रश्न नीट वाचलाय का तेही बघा: वरचा छोटा २ कधी कधी शेजारचा मोठा २ म्हणून वाचला जातो.

नेहमीचे प्रश्न

दहावीला हे कुठं आहे? राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये 'वास्तव संख्या' या प्रकरणात करणी आहे आणि दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'वर्गसमीकरणे' हे दुसरं प्रकरण आहे. दोन्ही पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात.

परीक्षेत उत्तर दशांशात लिहायचं का? प्रश्नात तसं सांगितलं नसेल तर करणीतच ठेवा. तिथं फोन नसणार, आणि ११√१० − ११ हे पूर्ण उत्तर आहे.

अवयव पाडायचे की सूत्र वापरायचं? आधी विवेचक काढा. तो पूर्ण वर्ग असेल तर अवयव सहज पडतात. नसेल तर थेट सूत्र.

आता एक तुमच्यासाठी: प्लॉट तीन गुंठ्यांचा आणि चौरस आहे. बाजू किती? फोन न काढता सांगायचं. ३३ तर तुम्हाला माहीतच आहे.